सतरावं प्रकरण

माझा धाकटा भाऊ होळीच्या आधी आठ दिवस गेला. घटसर्पाने. सहा वर्षांचा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्याचं काय होतं याची वाट बघत तुम्ही बसणार नाही.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. बाबा पोस्ट-तार खात्यात होते आणि त्यांची बदली होऊन आम्हाला जयपूरला येऊन चार वर्षं झाली होती. बनीपार्कात भाड्याचं घर होतं, पुढे अंगण, मागे कडुनिंब. मी तेरा वर्षांची, हिंदी शाळेत जाणारी. भाऊ तर इथलाच होऊन गेला होता. मला ताई न म्हणता जीजी म्हणायचा, आणि आईने कितीदा सांगितलं तरी बदलायचा नाही. मला काय, काहीही म्हण, हाक मारलीस की येईन, असं माझं होतं.

चौदाव्या दिवशी बाबांनी त्याचे कपडे, पाटी, भोवरा सगळं एका गाठोड्यात बांधलं आणि आमेरहून दूध घेऊन येणाऱ्या माणसाला देऊन टाकलं. मग मला बाहेर अंगणात बोलावून म्हणाले, "आजपासून या घरात त्याचं नाव काढायचं नाही. तुझ्या आईला सोसायचं नाही." मी हो म्हटलं. मला त्यात अवघड काहीच वाटलं नाही, आणि हेच मला पुढे फार वर्षं खटकत राहिलं.

बाबा दुष्ट नव्हते हो. घाबरले होते. त्यांच्या थोरल्या काकूचं मूल गेलं तेव्हा तिचं बोलणं हळूहळू कमी झालं, मग बंद झालं, आणि शेवटी तिला घरचीच माणसं ओळखू येईनात. बाबा ते लहानपणी रोज बघत वाढले होते. आता आई तशीच होत चालली होती. स्वयंपाक करायची, धुणं वाळत घालायची, "जेवा", "हो", "नाही" एवढं बोलायची. शेजारच्या बाई "भाभीजी, दो घड़ी बैठो" म्हणून बोलवायच्या, ती जायची, दोन घटका बसायची आणि उठून यायची. आई पुन्हा माणसांत यावी, एवढ्या एका गोष्टीसाठी बाबा देव पाण्यात घालून बसले होते.

आणि लोक काय म्हणायचे? "किती धीराची बाई!" माझ्याकडे बघून म्हणायचे, "किती समजूतदार पोर!" धीर कसला नि समजूत कसली, कपाळ! मी शाळेत जायचे, गणितं सोडवायचे, पोटभर जेवायचे. आत काही हलायचंच नाही. दात काढायला सुई टोचल्यावर आपलाच गाल आपल्याला चावला तरी कळत नाही ना, तसं.

श्रावणात मंडळाचं ते वाचन सुरू झालं. मंडळ म्हणजे जयपुरातली आम्ही चौदा मराठी घरं. बँकेतले, विमा कंपनीतले, कॉलेजातले प्राध्यापक, एक डॉक्टर. चिटणीस होते ते विमा कंपनीत मोठे अधिकारी होते, आम्ही मुलं त्यांना विमाकाका म्हणायचो. जयपुरात उंट खरेखुरे होते, आणि उंटावरून शेळ्या हाकायला हे आमचे काका होते. त्यांच्या मनात आलं की आपली मुलं घरात उठता-बसता 'मतलब, मतलब' करतात, मराठी वाचायचं नाव नाही, तेव्हा सगळ्या घरांनी मिळून एक जुनी थोर कादंबरी वाचायची. घरातल्या प्रत्येकाने. मग शेवटी सगळ्यांनी जमायचं आणि प्रत्येकाने उभं राहून दोन शब्द बोलायचे. बोलल्यावाचून सुटका नाही.

कादंबरी निवडली ती आमच्या आजीच्या पिढीने वाचलेली. दुष्काळाला कंटाळून देशावरून दूरच्या एका संस्थानात पोट भरायला निघालेल्या कुटुंबाची गोष्ट. बैलगाड्या, नदीचे उतार, अनोळखी भाषा. "आपलीच गोष्ट आहे," विमाकाका म्हणाले, आणि ते खरं होतं. पण प्रत मिळाली एकच, तीही पुण्याहून कुणीतरी जुन्या बाजारातून आणलेली. चौदा घरं आणि प्रत एक! काकांनी सरळ ब्लेड घेतलं, पुस्तकाची पाठ उसवली आणि त्याचे आठ भाग केले. प्रत्येक भागाला खाकी कागदाचं कव्हर, जाड दोऱ्याची शिलाई, वर चिठ्ठी: कुठल्या घरी कधी आला, कधी गेला, सही. दर रविवारी सकाळी भाग एका घरून दुसऱ्या घरी जायचे. ऑफिसात फाईल फिरते तशी ती कादंबरी जयपुरात फिरत होती.

बाबांनी आमचंही नाव घातलं. दोन शब्द बोलायची सक्ती आहे म्हटल्यावर आई बोलेल, असा त्यांचा साधा हिशेब. आई लग्नाआधी खूप वाचायची. बाबांनी विचारलं, "वाचशील ना?" ती म्हणाली, "हो." आता ती सगळ्यालाच हो म्हणायची.

पण पहिले दोन भाग दोन घरं फिरले असतील-नसतील, तेवढ्यात मंडळातल्याच एक, मूळच्या नागपूरच्या काकू सकाळीच आमच्याकडे आल्या. त्यांनी लहानपणी ही कादंबरी वाचलेली होती. आई आत पोळ्या लाटत होती. काकूंनी बाबांना ओट्यावर गाठलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, त्या पुस्तकात त्या बाईचं धाकटं पोरगं मरते ना. सतराव्या प्रकरणात. तापानं. तुम्ही काय करून राहिले?"

बाबांचा चेहरा उतरला. पण विमाकाका असे हात टेकणारे नव्हते. त्यांनी दोन दिवसांत उपाय काढला. आमचं घर यादीत शेवटी टाकायचं. तेरा घरांचं वाचून झालं की आमच्याकडे येण्याआधी त्या भागातून सतरावं प्रकरण काढून घ्यायचं. पुढे जिथे जिथे त्या मुलाचा उल्लेख असेल तिथे कागदाची पट्टी चिकटवायची. आणि तेराही घरांना एक कागद फिरवला: त्या घरच्या वहिनींसमोर या मुलाचा विषय कोणीही काढू नये. तेरा घरांच्या सह्या झाल्या त्यावर. एकालाही वाटलं नाही की हे जरा विचारून करावं. सगळी भली माणसं होती.

पट्ट्या कोण लावणार? बाबांना संध्याकाळी घरी यायला उशीर व्हायचा. मग ते काम माझ्याकडे आलं.

कार्तिकापासून एकेक भाग आमच्याकडे यायला लागला. आधी तो शनिवारी संध्याकाळी गुपचूप मला मिळायचा. मी गव्हाच्या पिठाची खळ करायचे, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापायचे आणि मागच्या अंगणात बसून ओळीवरून बोट फिरवत त्या मुलाचं नाव शोधायचे. माझं मराठी वाचन तेव्हा असं बोटानेच चालायचं. गोष्ट मला कळतच नव्हती, मी नुसतं नाव शोधत होते. सतराव्याच्या आधी ते नाव पानोपानी होतं, ते राहू द्यायचं, कारण तेव्हा तो जिवंत होता. सतराव्याच्या नंतरचं झाकायचं. नंतर ते अकरा ठिकाणी आलं. अकरा पट्ट्या मी लावल्या, कडा दाबून, सुरकुती न पडू देता. काकांनी बघून शाबासकी दिली. मला बरं वाटलं नाही, वाईट वाटलं नाही, काहीच वाटलं नाही.

सतरावं प्रकरण ज्या भागात होतं तो आईच्या हातात आला त्या दिवशी मी तिच्यासमोरच मटार सोलत बसले होते. ती भराभर वाचायची. मध्येच तिचं पान उलटणं थांबलं. तिने मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं.

"मधली पानं?" तिने बाबांना विचारलं.

"जुनं पुस्तक आहे. गहाळ झाली असतील."

"अठरा पानं?"

"असतील," बाबा म्हणाले आणि वर्तमानपत्र वर धरलं.

ती पुढे वाचायला लागली. थोड्या वेळाने पट्टीवर बोट ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. मी मटार सोलत राहिले. "फाटलं होतं तिथे," मी न विचारताच म्हटलं. आई हो म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आम्हाला वाटलं. बाबा त्या रात्री जेवताना जरा मोकळे झाले होते, हात धुताना मला हळूच म्हणाले, सुटलो.

संक्रांतीनंतरच्या रविवारी डॉक्टरांच्या गच्चीवर समारोप होता. भर दुपारची उन्हं, सतरंज्या, तिळगुळाची ताटं. जयपुरात संक्रांत म्हणजे पतंग. सण होऊन दोन दिवस झाले तरी आभाळ भरलेलं होतं आणि आजूबाजूच्या गच्च्यांवरून "वो काटा!" असा ओरडा चालला होता. आई आली होती. हिरवी साडी नेसून, केस विंचरून आली होती. नागपूरच्या काकूंनी तिला हाताला धरून पुढे बसवलं. बाबा तिच्यामागे बसले होते आणि तिच्या पाठीकडे बघत होते.

एकेक जण उभं राहून बोलला. नदी ओलांडायचा प्रसंग कसा उतरलाय, परक्या मुलखातली पहिली दिवाळी कशी डोळ्यांसमोर उभी राहते. प्राध्यापक वीस मिनिटं बोलले. त्या मुलाबद्दल एक अक्षर कोणी काढलं नाही. बँकेतल्या एका काकूंची जीभ जरा घसरायला आली होती, त्यांच्या यजमानांनी खोकून त्यांना आवरलं. मग विमाकाका म्हणाले, "आता वहिनी." सगळे एकदम नीट बसले.

आई उभी राहिली. पदर खांद्यावर घेतला.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "त्या बाईला दोन मुलं होती. धाकटा कुठे गेला?"

ती सगळ्यांकडे एकेक करून बघत गेली.

"गाडीत बसली तेव्हा दोघं होते. नदी उतरली तेव्हा दोघं होते. मग नव्या गावात पोचल्यावर एकच आहे. आई त्याला हाक मारत नाही, बाप त्याचं नाव काढत नाही, थोरला त्याला शोधत नाही. असं कसं होईल? मूल काय छत्री आहे, गाडीत विसरायला?"

"वहिनी, पुस्तकाची अवस्थाच तशी," विमाकाका म्हणाले. "पानं गहाळ..."

"तुम्ही सगळे सगळं बोललात. पुस्तक तुम्ही पुरतं वाचलंय," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ती पानं कुणाकडे आहेत?"

विमाकाकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. शेवटी काका म्हणाले, "माझ्याकडे. घरी. जपून ठेवलीत."

"आणा."

"आत्ता?"

"आत्ता. मी बसते."

आणि ती बसली. विमाकाका, एवढे मोठे अधिकारी, जिना उतरले आणि सायकलवर टांग मारून गेले. जाऊन-येऊन अर्धा तास लागला असेल. चौदा घरची माणसं सतरंजीवर बसून राहिली. तिळगुळाची ताटं मधोमध होती, कोणी हात लावला नाही. मला भीती वाटायला हवी होती, ती वाटत नव्हती. आभाळात पतंग कापले जात होते ते मी मोजत होते.

काकांनी पानं आणून दिली. खाकी कव्हर, शिलाई, वर चिठ्ठीसुद्धा. आईने सगळ्यांसमोर ती मनातल्या मनात वाचून काढली, अठराच्या अठरा. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. काही दिसलं नाही. मग तिने पानं मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"पट्ट्या तू लावल्यास?"

"हो."

"खळ कुणी केली?"

"मीच."

तिने मागे वळून बाबांकडे पाहिलं. "हिला लावलंत? हिच्याच हाताने?" त्यांचे ओठ हलत होते. "मला सोसायचं नाही म्हणून? आणि हिला? हिचा कोण होता तो?"

मग तिने मला जवळ ओढलं आणि विचारलं, "तो गेल्यावर तू रडलीस का गं?"

दहा महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. "नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

मला वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसायलाच हवी, असंही वाटलं. सख्खा भाऊ जातो आणि ही मटार सोलत बसते.

"मी पण नाही," आई म्हणाली. गच्चीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मला रडू येतच नाही. लोक धीराची म्हणतात तेव्हा लाज वाटते. त्या बाईला कसं आलं, ते मला बघायचं होतं. म्हणून हवी होती ती पानं. आता वाचली, तरी येत नाही." तिने पानं माझ्या हातात दिली. "तू वाच. मोठ्याने. मी ऐकते."

मी म्हटलं, मला नीट वाचता येत नाही. ती म्हणाली, येतं तसं वाच.

मी बोट ठेवून वाचायला लागले. गाडी माळावर थांबली आहे, बैल सोडले आहेत, मुलाचं अंग तापलं आहे. अडखळत वाचत होते. पहिल्यांदा त्या मुलाचं नाव आलं आणि मी ते गाळून पुढे गेले. मुद्दाम नाही. तीन महिन्यांची सवय होती.

"नाव घे," आई म्हणाली.

मी मागे आले आणि नाव घेतलं. तोंडातून आमच्या धाकट्याचं नाव आलं. ते माझ्याच कानांवर पडलं. होळीनंतर ते नाव कोणी उच्चारलंच नव्हतं, माझ्या तोंडून तर नाहीच. मी वर पाहिलं. विमाकाका, प्राध्यापक, डॉक्टर, सगळी वाचून तयार झालेली माणसं समोर बसली होती, सगळ्यांना खरं नाव माहीत होतं. कोणी चूक काढली नाही. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

"हां," आई म्हणाली. "आता असंच वाच."

मी तसंच वाचलं. त्या प्रकरणात जिथे जिथे त्या मुलाचं नाव होतं, तिथे तिथे आमच्याचं घेतलं. आमचा धाकटा माळावर पाणी मागत होता. आमच्या धाकट्याला त्याचा बाप कांबळ्यात गुंडाळत होता. त्याला ताप चढला, तो बरळायला लागला, त्याने थोरल्याला हाक मारली. तिथे थोरला भाऊ होता, मी जीजी वाचलं. माझा आवाज कुठेतरी फाटत होता, पण थांबत नव्हता. सतराव्या पानावर तो गेला. मी त्याचं नाव घेऊन वाचलं की तो गेला.

तेव्हा आईला आलं. मी तसा आवाज आधी ऐकला नव्हता, जनावराच्या पोटातून यावा तसा होता. नागपूरच्या काकू उठल्या, बाबाही उठले, आईने हाताने दोघांना खाली बसवलं. एक पान उरलं होतं आणि अक्षरं मला दिसत नव्हती. तरी मी वाचत राहिले, कारण मी थांबले असते तर ती थांबली असती.